वन्संचं उसनं कवच

बुधवारी सकाळी पेटीच्या काचेवर एकोणसाठ हा आकडा उमटला, तेव्हा वृंदाचा आधी काचेवरच विश्वास बसेना. तिने पदराच्या टोकाने काच पुसली, चष्मा लावला आणि पुन्हा पाहिलं. एकोणसाठच. कडेचा छोटा दिवा कराडहून निघाल्यापासून हिरवा होता, तो आज पिवळा झाला होता.

"किती गं?" शैलजाबाईंनी पांघरुणातूनच विचारलं.

"उठा आधी. चहा येईल इतक्यात."

"मी आकडा विचारला. चहा नाही."

"साठाला एक कमी," वृंदा हळूच म्हणाली.

शैलजाबाई उठून बसल्या. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता त्यांनी. कमी गुणांची बातमी तोंड न पाडता ऐकायची सवय होती. "म्हणजे नापास. किती फरकाने, ते महत्त्वाचं नाही. मीही कधी एका गुणासाठी कुणाला वर ढकललं नाही."

खिडकीबाहेर समुद्र सरळ रेघेत पसरला होता. 'नीलांबरी' जहाज वाटेत कोचीला थांबून काल रात्री तिथून निघालं होतं. उद्या दुपारी माले, आणि परवा, शुक्रवारी, विषुववृत्त. ते ओलांडण्यासाठीच शैलजाबाई या जहाजावर आल्या होत्या. जन्मभर पृथ्वीगोलावर त्या रेघेवरून बोट फिरवलं, हजारो मुलांकडून ती वहीत काढून घेतली. पण त्या स्वतः कधी साध्या होडीतही बसल्या नव्हत्या. मूत्रपिंड बदलल्यावर तीन वर्षं एका खोलीत काढली. त्या खोलीत त्यांनी भावाला एकदाच सांगितलं होतं, "मला एकदा ती रेघ ओलांडायचीय रे. मग तुम्ही म्हणाल तिथे बसते."

भाऊ, म्हणजे वृंदाचे यजमान विद्याधर, लगेच तयार झाले. प्रश्न नव्या गोवराचा होता. पाच वर्षांपूर्वी आलेला हा गोवर लहानपणी होऊन गेलेल्या गोवराला जुमानत नव्हता. त्यावरची लस अर्धमेल्या जिवंत विषाणूंची. धडधाकट माणसाला तिने काही होत नाही. पण दुसऱ्याचं मूत्रपिंड अंगात टिकावं म्हणून ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम झोपवून ठेवलेली असते, त्याला ती लसच आजारी पाडायची. शैलजाबाईंना लस देणं शक्य नव्हतं, आणि लस नसलेल्या माणसाला जहाजाची शिडी चढता येत नव्हती.

त्यातून मार्ग काढला तो या पेटीने. लस घेतलेल्या माणसाच्या लाळेत त्या रोगाशी लढणारी प्रतिपिंडं असतात. पेटी ती गाळून घेते, बाकीचं सगळं टाकून देते, उरलेलं घट्ट करते आणि त्याचं धुकं बनवते. ते धुकं सकाळी नाकातून ओढलं की नाकाघशाच्या अस्तरावर दिवसभर पातळ थर बसून राहतो. रोगाचा विषाणू आत शिरण्याआधी दारातच अडतो. मात्र देणारा कुणीही चालत नाही. परक्या लाळेतल्या बारीकसारीक अंशांवर असं नाजूक शरीर उसळू शकतं. एका स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं जेवलेल्या माणसांच्या तोंडातले सूक्ष्मजीव मात्र हळूहळू सारखे होत जातात. रक्ताचं नातं इथे उपयोगी पडत नाही, ताटाचं पडतं. विद्याधररावांची लाळ डॉक्टरांनी तंबाखूमुळे पहिल्याच दिवशी बाद केली. राहिली वृंदा. बावीस वर्षं नणंदेबरोबर एका घरात राहिलेली.

"रक्ताचा भाऊ नालायक, आणि भावजय कामाची," शैलजाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. विद्याधरराव बाहेर जाऊन चुन्याची डबी शोधत बसले होते.

पेटीत रोज एक आकडा यायचा, त्याला कवचांक म्हणत. साठाच्या वर असला की खुशाल फिरा. सलग दोन दिवस साठाच्या खाली गेला, तर पहिल्या बंदरावर उतरायचं आणि वैद्यकीय विमानाने घरी परत. ही अट दोघींनी सही करून मान्य केली होती. घरी निघण्याच्या दिवशी आकडा होता एक्क्याण्णव. सोमवारी शहात्तर. मंगळवारी अडुसष्ट. आणि आज हा.

वृंदाला आकडा का घसरतोय ते कळत नव्हतं. पण आपलं काहीतरी चुकतंय, हे मनात पक्कं बसलं होतं. ती मूळची नेमाधर्माची. माहेरी नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थाची चव घ्यायची नाही, एकाच्या पेल्याला दुसऱ्याने तोंड लावायचं नाही. सासरी तेवढं कडक नव्हतं, तरी तिने आपलं आपल्यापुरतं पाळलं. नणंदेला 'वन्सं' म्हणायची सासूबाईंनी लावलेली सवयही तिने तशीच ठेवली. इस्पितळात "लाळ" हा शब्द ऐकला तेव्हा तिने मान डोलावली, पण आतून ती शहारली होती. आपलं उष्टं वन्संना द्यायचं. वयाने थोरल्या, ज्यांना सणासुदीला वाकून नमस्कार करायचा, त्यांच्या श्वासात रोज सकाळी आपलं उष्टं. जीव वाचतोय म्हटल्यावर बोलायचं काय? ती कुणाशी बोलली नाही.

घरी नमुना घ्यायला परिचारिका यायची. ती पेलाभर साधं पाणी देई, चूळ भरायला लावी आणि दहा मिनिटांनी कापसाची काडी जिभेखाली ठेवी. जहाजावर परिचारिका नव्हती. पुस्तिकेत एवढंच होतं, 'नमुना देण्यापूर्वी तोंड स्वच्छ असावे.' मग वृंदाने आपल्या मनासारखं स्वच्छ केलं. पहाटे न्हाणीघरात मिठाच्या पाण्याने, आणि मग तुरटीच्या पाण्याने अकरा चुळा, प्रत्येक चुळीला मनात देवाचं नाव. वन्संना द्यायचं तर निदान निर्मळ द्यावं. आकडा उतरला तशी तिला वाटलं, आपलंच तोंड पुरेसं शुद्ध नाही. मंगळवारपासून तिने एकवीस चुळा सुरू केल्या.

दहाच्या सुमारास जहाजाचे डॉक्टर तुस्कानो खोलीत आले. वसईचे होते, मराठी घरचीच बोलत. त्यांनी पेटी उलटीपालटी करून पाहिली, गाळणी तपासली.

"यंत्र ठीक आहे. काकू, सकाळी उठल्यावर पाणी किती पिता?"

"पूजा होईपर्यंत नाही पीत."

"म्हणजे किती वाजेपर्यंत?"

उत्तर शैलजाबाईंनी दिलं. "अंघोळ, दिवा, विष्णुसहस्रनाम. आठ होतात. बत्तीस वर्षं चाललंय. इथे ज्योत लावायला बंदी, तर बॅटरीची समई घेऊन आलीय. ते बघा, टेबलावर देव बसलेत समुद्र बघत."

डॉक्टर हसले नाहीत. "माझी आईसुद्धा ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात अशीच हट्टी असते. पण काकू, रात्रीपासून कोरडं तोंड म्हणजे लाळ कमी, नमुना अपुरा. उद्या उठल्याबरोबर दोन पेले पाणी प्या आणि मग नमुना द्या. उद्या साठ ओलांडायलाच हवेत."

"ओलांडतील," वृंदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

संध्याकाळी ध्वनिक्षेपकावर सूचना झाली. कोचीहून चढलेल्या एका सात वर्षांच्या मुलीला नवा गोवर निघाला होता. तिची लस महिनाभर लांबली होती, आणि आईबापांनी कागदावर ती घेतल्याचं लिहिलं होतं. मुलगी नवव्या मजल्यावर वेगळ्या खोलीत होती. ज्यांचं कवच अपुरं त्यांनी खोलीबाहेर पडू नये.

शैलजाबाईंनी दाराची कडी स्वतःच लावली. मग पलंगावर येऊन बसल्या.

"सोमवारी मी त्या नवव्या मजल्यावर गेले होते ना गं, सूर्यास्त बघायला?"

"गेला होतात. पण ती मुलगी तोवर चढलीही नव्हती. मी विचारून घेतलं."

"कुणाला?"

"डॉक्टरांना. तीनदा."

शैलजाबाईंनी पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. मग म्हणाल्या, "वृंदा, उद्या आकडा आला नाही तर उतरायचं. रडारड नको. रेघ काय, ती आहे तिथेच राहते. पळून जात नाही. मी मात्र गोवराने गेले तर विद्या तुला जन्मभर बोलेल."

"ते नाही बोलणार."

"मग तू स्वतःला बोलशील. ते जास्त वाईट."

 वृंदा टेबलाजवळ गेली, देवांवरची फुलं सारखी केली. कागदाचीच होती ती, खऱ्या फुलांची इथे सोय नव्हती. उद्या पहाटे पाणी प्यायचं आहे, तिने मनातल्या मनात सांगून टाकलं. रागावू नका. रागावायचंच असेल तर माझ्यावर रागवा, त्यांना सोडा.

गुरुवारी पहाटे ती दोन पेले पाणी प्यायली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, पारोसं, दिवा न लावता. पाणी घशाखाली उतरताना काहीच झालं नाही, याचंच तिला नवल वाटलं. मात्र त्यानंतर तोंड जास्तच अपवित्र झाल्यासारखं वाटलं, म्हणून ती न्हाणीघरात गेली आणि तुरटीच्या चुळा भरत राहिली. आज तिने त्या मोजल्याच नाहीत. तोंडाची आतली कातडी आक्रसून आली, जीभ टाळूला चिकटू लागली. हे स्वच्छ, असं तिला वाटलं.

पेटी वीस मिनिटं गुणगुणली आणि तिने त्रेपन्न हा आकडा दाखवला.

डॉक्टरांचा फोन आला. आवाज मऊ होता, पण निरोप पक्का होता. दोन वाजता माले, बंदरावर गाडी उभी असेल, रात्रीचं विमान. सामान आवरून ठेवा. वृंदा फोन ठेवून पलंगाच्या कडेला बसली. नेमही मोडला आणि आकडाही गेला. तिला रडू येईना, एवढंच.

आवरायला शैलजाबाईंनीच सुरुवात केली. कपड्यांच्या घड्या, औषधांची पेटी, मग न्हाणीघरातली पिशवी. तिथे त्या थांबल्या. बाहेर आल्या त्या हातात तुरटीचा खडा घेऊन.

"हा निघताना मी तुझ्या पिशवीत पाहिला होता. लिंबाएवढा होता. आता सुपारीएवढा राहिलाय."

"विरघळतोच तो."

"खडकाची झीज मी एकतीस वर्षं शिकवलीय. कुठलाही खडक आपोआप झिजत नाही. त्यावरून पाणी वाहावं लागतं. तुझ्याकडे चार दिवसांत एवढी कुठली नदी आली?"

वृंदा पलंगावरच्या कपड्यांच्या घड्या पुन्हा सारख्या करू लागली.

"वृंदा, मी विचारतेय."

"चुळा भरते," वृंदा म्हणाली. "नमुन्याच्या आधी. वन्सं, तुम्हाला माझं उष्टं द्यायचं म्हणजे... तुम्ही थोरल्या. मला रोज वाटायचं, आपण पाप करतोय. मग म्हटलं, निदान तोंड तरी निर्मळ असावं. आकडा उतरला तशा मी चुळा वाढवल्या. आज मोजल्यासुद्धा नाहीत."

शैलजाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. खडा त्यांच्या मुठीतच होता.

"इस्पितळात सहा महिने माझं हागणं-मुतणं काढलंस. ते चाललं?"

"ती सेवा होती."

"मग लाळ देणं ही कोण, तिची शेजारीण?"

 वृंदाने कधी तसा विचारच केला नव्हता. सेवेत आपण खाली असतो, आणि समोरच्याला काही उसनं द्यायचं म्हणजे आपण वर. कदाचित तेच तिला झेपत नव्हतं. पण हे बोलायचं कसं?

"आता माझं ऐक," शैलजाबाई म्हणाल्या. "मूत्रपिंड बदलायच्या आधी, रक्त धुवायला नेत होतात तेव्हा मला दिवसाला पाऊण लिटर पाणी मोजून मिळायचं. मे महिना होता. बाकावर तुझा डोळा लागला की तुझ्या पेल्यातलं उरलेलं पाणी मी चोरून प्यायचे. एक घोट, दोन घोट. तुझं उष्टं. इतकं गोड पाणी मी पुन्हा प्यायले नाही. लाज वाटायची म्हणून कुणाला सांगितलं नाही."

वृंदाने वर पाहिलं. "मला वाटायचं, ते पाणी उन्हाने आटतं."

"बाष्पीभवन एवढं जोरात होत नसतं, बाई. चल, डॉक्टरांना फोन लाव. का मी लावू?"

"लावते मीच," वृंदा म्हणाली, आणि तिने लावला. बोलताना ती दोनदा अडखळली. पण तुरटी, मीठ, चुळा किती, सगळं सांगितलं.

डॉक्टर तुस्कानो पाच मिनिटांत वर आले. खडा हातात घेऊन त्यांनी तो उजेडात धरला, आणि मग बराच वेळ मान हलवत राहिले.

"काकू, पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की काय होतं?"

"गाळ खाली बसतो. वर निवळ पाणी."

"प्रतिपिंडं म्हणजे प्रथिनं. तुरटीला ती गाळासारखीच. तिने तुमच्या तोंडातली सगळी धरून खाली बसवली, आणि उरलेली तुम्ही चुळीबरोबर थुंकून टाकलीत. पेटीपाशी आलं ते निवळ पाणी. त्रेपन्न तरी कसे आले, याचंच मला आश्चर्य आहे." त्यांनी खडा टेबलावर ठेवला. "आणि मी तुमच्या नेमाला दोष दिला. तुम्हाला पाणी प्यायला लावलं. ते माझं चुकलं. त्याचा काही संबंध नव्हता."

"तुम्ही भल्यासाठीच सांगितलंत," वृंदा म्हणाली. पण तिच्या छातीवरचं मोठं ओझं त्या एका वाक्याने उतरलं होतं. उद्या पहाटे आपला दिवा आधी, पाणी नंतर.

"आता साडेदहा झालेत. तीन तास तोंडाला काहीही लावायचं नाही. पाणीसुद्धा नाही, चूळ तर नाहीच. तोंड आपलं आपण पुन्हा तयार करतं. दीड वाजता मी समोर बसून नमुना घेतो. बंदरावरची गाडी मी अजून रद्द केलेली नाही, तेवढं लक्षात ठेवा."

ते तीन तास वृंदाच्या जन्मात सर्वांत लांब होते. ती सज्जात खुर्ची टाकून बसली. तुरटीने आक्रसलेलं तोंड हळूहळू सैल पडू लागलं, आणि एरवी ज्याकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं, ते ओलेपण जिभेखाली परत येऊ लागलं. दोनदा तिचा हात सवयीने पाण्याच्या बाटलीकडे गेला. दोन्ही वेळा शैलजाबाईंनी बाटली आणखी लांब सरकवली.

"वन्सं, काहीतरी बोला. वेळ जात नाही."

"बोलते. कैरीचं लोणचं घालताना तू मोहरी फेसतेस ना, तेव्हा..."

"लोणच्याचं नको. डॉक्टरांनी सांगितलंय, आंबटाचं नाव काढलं की लाळ पातळ होते."

"मग माझ्याकडे फक्त खारे वारे आणि मतलई वारे आहेत."

"तेच सांगा."

शैलजाबाईंनी सांगितलं. दिवसा जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, म्हणून समुद्राकडून वारा येतो, रात्री उलट. वृंदाने हे शाळेत पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरून गेली होती. आता तोच वारा तिच्या तोंडावर येत होता. बारा वाजता तिने सहस्रनाम म्हणायला घेतलं, मोठ्याने न म्हणता, नुसते ओठ हलवत. शैलजाबाई अधूनमधून "कितवं?" म्हणून विचारत, आणि ती बोटांनी दाखवत होती.

दीड वाजता डॉक्टर आले. काडी जिभेखाली दोन मिनिटं. मग पेटी. पेटी गुणगुणायला लागली. खिडकीतून मालेची पांढरी, खोक्यांसारखी घरं दिसायला लागली होती. धक्क्यावर एक रुग्णवाहिकाही उभी होती. वृंदाने ती पाहिली आणि नजर वळवली.

गुणगुण थांबली. डॉक्टरांनी पेटी आपल्याकडे वळवून घेतली, मग दोघींकडे फिरवली.

अठ्ठ्याऐंशी. दिवा हिरवा.

वृंदाने हात जोडले, नेमके कुणाला ते तिलाही कळलं नाही. समोर डॉक्टर होते, पेटी होती, वन्सं होत्या, आणि टेबलावर देव. डॉक्टरांनी फोन काढून बंदराला कळवलं. धक्क्यावरची रुग्णवाहिका जराशाने आल्या वाटेने निघून गेली.

"रक्तही तपासलंय सकाळी," ते जाता जाता म्हणाले. "संसर्गाची कुठलीच खूण नाही. आणि ती मुलगीही बरी आहे. ताप उतरलाय, चॉकलेट मागतेय."

शैलजाबाईंनी फवाऱ्याचं तोंड नाकाला लावलं, एक खोल श्वास घेतला, आणि भावजयीकडे बघत म्हणाल्या, "आज जरा बरं लागतंय. रोज फिकं होतं."

"काहीतरीच तुमचं," वृंदा म्हणाली; पण तिला हसू आलं, आणि एकदा आलं ते बराच वेळ थांबेना.

शुक्रवारी वृंदा पहाटे उठली. अंघोळ केली, बॅटरीची समई लावली, नेम पुरा केला. चूळ भरली ती साध्या पाण्याची, पेलाभर. मग नमुना वन्संच्या समोर बसून दिला, खोलीच्या मधोमध, न्हाणीघरात लपून नाही. पेटीने नव्वद दाखवले.

साडेअकराच्या सुमारास दोघी वरच्या मजल्यावर गेल्या. बरीच माणसं कठड्याशी जमली होती. डॉक्टर तुस्कानोही आले होते, आणि शैलजाबाईंनी त्यांना गाठलंच. विषुववृत्तावर वारा का पडतो, शिडाची जहाजं पूर्वी इथे आठवडेच्या आठवडे कशी अडकून पडत, पाणी संपलं की खलाशी काय करत, हे त्या हातवारे करून सांगत होत्या. डॉक्टर नम्रपणे ऐकत होते. मध्येच जहाजाचा भोंगा लांबलचक वाजला. कठड्याजवळच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. शैलजाबाईंनी त्या आवाजावर आवाज चढवून वाक्य पूर्ण केलं.

वृंदाने त्यांच्या दंडाला हात लावला. "वन्सं."

"थांब गं, एवढं सांगू दे."

"वन्सं, गेली."

"काय गेली?"

"रेघ. भोंगा त्याचाच होता."

शैलजाबाई वळल्या. मागे पाणी, पुढे पाणी, दोन्हीकडे तेच निळं. त्यांनी कठड्याला हात टेकले आणि जहाजामागे राहिलेल्या फेसाकडे त्या टक लावून पाहत राहिल्या. वृंदाला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली, ते बोलण्याच्या नादात निसटलं.

"बरं," शैलजाबाई अखेर म्हणाल्या. "परत जाताना लागेलच की. तेव्हा मला गप्प बसव."

"तुम्हाला गप्प बसवणारी पेटी निघायची आहे अजून," वृंदा म्हणाली, आणि त्यांना उन्हातून सावलीच्या खुर्चीकडे घेऊन गेली.